घरातले मांजर आणि त्याच्या त्वचेची तक्रार



कामगारांच्या मागण्यांवर बोलणाऱ्या माणसाने वसंतातल्या व्याख्यानात मांजराच्या त्वचेवर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही वैद्य नाही. शाळेतले शिक्षणही आमच्या वाट्याला फारसे आले नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांतून आणि कारखान्याच्या फाटकापाशी माणसांचे ऐकून. तथापि एका मांजराच्या बाबतीत आमच्या हातून मोठी चूक झाली. ती चूक आणि तिच्यामागून कळलेल्या गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या, तर चार घरांतली मुकी जनावरे त्रासातून वाचतील, एवढाच आमचा हेतू आहे.

आमच्या नारायण पेठेला मांजर नवे नाही. वाड्यांच्या दिवसांत ते कोणा एकाचे नसे. चौकात ऊन खाई, माळ्यावर उंदीर धरी, आणि ज्या घरी दूध मिळे त्या घरचे होई. त्याच्या अंगावर काय उठले आहे, हे कोणी पाहत नसे. आता बरेच वाडे जाऊन इमारती उभ्या राहिल्या आणि मांजर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कायमचे राहू लागले. २०२२ साली पुणे महापालिकेने कुत्र्याप्रमाणे मांजरासाठीही परवाना आवश्यक केला. म्हणजे मांजर आता रीतसर घरातले झाले. त्याचे खाणे, त्याची फरशी, त्याचे अंथरूण सारे आपण ठरवतो. म्हणूनच त्याच्या त्वचेची तक्रार उद्भवली, की शोध घराच्या आतूनच सुरू करावा लागतो.

आमच्या घरी मनी नावाची मांजरी आहे. चार वर्षांची असताना तिच्या पोटावरचे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस विरळ होऊ लागले. खाली त्वचा गुलाबी, स्वच्छ. ना जखम, ना खपली. ती कधी खाजवतानाही दिसली नाही. आम्ही दिवसभर बाहेर, ती एकटी. तेव्हा 'कंटाळ्याने केस गळतात' असा निकाल आम्ही घरच्या घरी दिला. कोणी म्हणाले उन्हाळा आहे, कोणी म्हणाले स्वभाव आहे. असे करता करता वर्ष गेले. पुढे पाठीवर शेपटीच्या बुडाशी बारीक खरखरीत खपल्या हाताला लागल्या. शेजारी कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध होते. त्यातले काही थेंब आम्ही तिच्या मानेवर टाकले. त्याच रात्री तिचे कान आणि पाय थरथरू लागले, आणि पहाटेपर्यंत तिला झटके आले. डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेऊन वाचवले. त्या औषधात परमेथ्रिन होते. कुत्र्याला ते चालते. मांजराचे यकृत ते नीट निकालात काढू शकत नाही, आणि कुत्र्याच्या मात्रेतले थोडे थेंबही मांजराचा जीव घेऊ शकतात. ही गोष्ट त्या कागदी वेष्टनावर छापलेली होती. आम्ही ती वाचली नव्हती.

मनी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी आम्हांला प्रश्न विचारायला सुरुवात केली. खाज कधीपासून? आधी कुठे? खायला काय? फरशी कशाने पुसता? घरात आणखी कोणाला खाज आहे का? खालच्या मजल्यावर मांजरे आहेत का? आम्ही एकाचेही धड उत्तर देऊ शकलो नाही. मनात म्हटले, ही तर आपलीच पद्धत! बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? एखाद्या कामगाराच्या हातावर चट्टे उठले, की आम्हीही हेच विचारतो. कोणत्या खात्यात आहेस, सुटीच्या दिवशी कमी होते का, शेजारच्या माणसालाही आहे का? हे प्रश्न न विचारता 'ह्याचे रक्तच खराब' म्हणणाऱ्यांशी आम्ही पुष्कळ भांडलो. आणि घरच्या मांजराच्या बाबतीत आम्हीच 'स्वभाव' म्हणून मोकळे झालो होतो.

आता मांजराची खाज आपल्याला दिसत का नाही, ते पाहू. कुत्रा पायाने खराखरा खाजवतो, तो आवाज घरभर ऐकू येतो. मांजर मात्र पुष्कळदा चाटून खाज भागवते. त्याच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात. त्यांनी केस विंचरले जातात, तसे तुटतातही. जागेपणीचा बराच वेळ मांजर अंग चाटण्यातच घालवते, त्यामुळे जास्त चाटणे आणि नेहमीचे चाटणे ह्यांतला फरक लक्षात येत नाही. त्यातून पुष्कळ मांजरे हे काम माणसांपासून दूर, रात्री किंवा पलंगाखाली करतात. म्हणून घरातली माणसे शपथेवर सांगतात की हे खाजवतच नाही, केस आपोआप गळतात. डॉक्टर त्या जागेच्या कडेचे थोडे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केसाचे टोक निमुळते असेल तर केस गळला. टोक तुटलेले असेल तर तो चाटून तोडला. मनीच्या केसांची टोके तुटलेली होती. तिची तक्रार वर्षभर अंगावर लिहिलेली होती, ती आम्ही वाचली नव्हती.

मांजराच्या खाजेची चार रूपे ओळखायची असतात. एक, डोके, कान आणि मान ह्यांवर ओरबाडून केलेल्या जखमा. दुसरे, पोट, मांड्या किंवा कुशी चाटून उघड्या पडणे. तिसरे, पाठीवर आणि मानेवर बारीक धान्याच्या दाण्याएवढ्या खपल्या. ह्या डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागतात. चौथे, वरच्या ओठावर खोलगट व्रण, किंवा पोटावर आणि मांडीमागे लाल, ओलसर, उंचावलेले चट्टे. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की ही चार नावे रोगाची नव्हेत. एकाच कारणाने चारांपैकी कोणतेही रूप येऊ शकते, आणि चार निराळ्या कारणांनी एकच रूप येऊ शकते. म्हणून 'आमच्या मांजराला जे दिले त्याने तुमचेही बरे होईल' हा सल्ला फसतो.

कारणांत पहिला मान पिसूचा. वरच्या मजल्यावरच्या घरात पिसू कुठून येणार, असे आपल्याला वाटते. ती चपलांबरोबर येते, पायपुसण्यावरून येते, उंदरावरून येते, जिन्यात झोपणाऱ्या मांजरांवरून येते. पिसूची मादी मांजराच्या अंगावर दिवसाला कित्येक अंडी घालते; ती घसरून फरशीच्या सांधीत, गालिच्यात, अंथरुणात पडतात. कोशात गेलेली पिसू महिनोन् महिने दबा धरून राहू शकते. म्हणजे अंगावर दिसते ती फौजेची फक्त एक तुकडी. बाकीची छावणी घरात असते. त्यात ज्या मांजराला पिसूच्या लाळेचे वावडे असते, त्याला थोडे चावेही पुरतात. ते इतके चाटते की पिसू गिळून टाकते, आणि आपण शोधू तेव्हा अंगावर एकही सापडत नाही. ह्यावर घरगुती परीक्षा आहे. बारीक दातांच्या फणीने पाठ विंचरून निघालेली काळी कचकच ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. डाग पसरला नाही म्हणून पिसू नाहीच, असे मात्र समजू नये.

दुसरे कारण बुरशीचे. हा माणसाचा नायटा ज्या जातीचा, त्याच जातीचा रोग. पिलांच्या आणि लांब केसांच्या मांजरांच्या अंगावर हा पुष्कळदा येतो. कधी मांजरावर काहीच दिसत नाही आणि घरातल्या मुलाच्या हातावर गोल चट्टा उठतो. म्हणून घरात आणखी कोणाला खाज आहे का, हा प्रश्न. निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या खास दिव्याखाली ह्या बुरशीची एक जात हिरवट चमकते. पण प्रत्येक वेळी चमकेलच असे नाही, म्हणून केस प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागतात. तिसरे कारण अतिशय बारीक किड्यांचे: खरजेचे, कानातले, आणि चालत्या कोंड्यासारखे दिसणारे. चौथे अन्नाचे. मासळी आणि कोंबडी ही मांजराची आवडती, पण वावडे असणाऱ्या मांजरांत हीच नावे वारंवार आढळतात. त्याची खात्री रक्त तपासून होत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेले एकच निराळे अन्न किमान आठ आठवडे द्यावे लागते, आणि त्या काळात मुलांनी चोरून दिलेला एक तुकडाही सारी मेहनत वाया घालवतो. नवे अन्न मांजर खात नसेल तर त्याला उपाशी ठेवून वठणीवर आणू नये. काही दिवसांच्या उपासाने त्याचे यकृत बिघडते.

आणखीही कारणे आहेत. मुठेच्या काठी राहणाऱ्यांना डास नवे नाहीत. काही मांजरांच्या नाकावर आणि कानांवर डासाच्या चाव्याने जखमा होतात. खिडकीला जाळी लावली की त्या कमी होतात. पांढऱ्या कानांचे मांजर रोज खिडकीत उन्हात बसत असेल तर कानांच्या कडा आधी लाल होतात, मग खपल्या धरतात, आणि वर्षांनी तिथे कर्करोग होऊ शकतो. मूत्राशयात दुखत असेल तर मांजर नेमके पोटाखालची बाजू चाटते. लठ्ठ किंवा सांधे धरलेल्या मांजराची जीभ कमरेपर्यंत पोहोचत नाही, तिथे कोंडा आणि गाठी होतात. आमच्या पेठेतल्या शाकाहारी घरांना एक गोष्ट सांगितली पाहिजे: नुसत्या दूधपोळीवर मांजर जगते असे दिसले, तरी ते मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारी प्रथिने आणि टॉरिन न मिळाल्यास केस तर निस्तेज होतातच, डोळे आणि हृदयही बिघडतात. घरात मांस शिजवायचे नसेल तर मांजरासाठी तयार मिळणारे पुरे अन्न तरी द्यावे.

आता मनाचा प्रश्न. मांजर एकटेपणाने, घर बदलल्याने, दुसरे मांजर आल्याने बेचैन होते आणि चाटते, हे खोटे नाही. परंतु अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००६ साली एक तपासणी प्रसिद्ध झाली. मानसिक कारणाने केस चाटून काढतात असे मानलेल्या २१ मांजरांची कसून तपासणी केली, तेव्हा १६ जणांना शरीराचाच रोग निघाला, ३ जणांत शरीर आणि मन दोन्ही, आणि निव्वळ मनाचे कारण फक्त २ जणांत. म्हणून मनाचे नाव यादीत शेवटी घ्यावे, बाकीची नावे खोडून झाल्यावर.

मग घरी काय करावे? एक वही करावी. केस प्रथम कुठे आणि कोणत्या महिन्यात गेले, खाणे कधी बदलले, अंथरूण किंवा फरशी पुसण्याचे औषध कधी बदलले, घरात पाहुणे, बांधकाम, नवे जनावर कधी आले, हे तारखेने लिहावे. त्याच जागेचे छायाचित्र आठवड्याला एकदा, त्याच उजेडात काढावे. डॉक्टरांच्या दारात ही वही दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते.

आणि काय करू नये? कुत्र्याचे कोणतेही औषध मांजराला लावू नये, हे आम्ही भोगून सांगत आहोत. माणसाचे मलम, रॉकेल, कडुनिंबाचे किंवा दुसरे उग्र तेल, जंतुनाशक पाणी अंगाला लावू नये. मांजराच्या अंगावर लावलेली वस्तू शेवटी त्याच्या पोटात जाते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर त्याला सोडू नये; पंजे चाटल्यावर तेही पोटात जाते. खाज थांबवणारी स्टेरॉइडची सुई तात्पुरता आराम देते आणि काही रोगांत ती लागतेही; पण कारण न शोधता दर काही आठवड्यांनी तीच मागत राहिले, तर रोग झाकला जातो आणि मधुमेहाची भीती वाढते. मांजर खाणे सोडते, जखमेतून पू येतो, चेहरा सुजतो, किंवा अंग थरथरते, तेव्हा वही बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

मनीचे कारण अखेर पिसूच निघाले. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पोत्यांवर दोन मांजरे झोपत. रोज रात्री घरी येताना आमच्याच चपलांतून तिचा त्रास वर येत होता. मांजरांसाठीचे औषध डॉक्टरांनी वजन करून दर महिन्याला दिले. आम्ही अंथरुणे गरम पाण्यात धुतली, पायपुसणे बदलले, फरशीच्या सांधी झाडून काढल्या, आणि जिन्याखालच्या दोघांच्या औषधासाठी इमारतीत वर्गणी काढली. वर्गणी गोळा करणे एवढे तरी आम्हांला येते. पहिल्या महिन्यात काही फरक दिसला नाही आणि घरात कुरकुर झाली. कोशातल्या पिसवा बाहेर पडून संपेपर्यंत धीर धरावा लागतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. तिसऱ्या महिन्यात तिच्या पोटावर हाताला मऊ लव लागली.

आज घरी गेल्यावर मांजर मांडीवर आले, तर पाठीवरून शेपटीकडून मानेकडे, म्हणजे केसांच्या उलट दिशेने हात फिरवावा. मग पोटाकडे नजर टाकावी. हाताला खरखर लागली किंवा पोटावर केस विरळ दिसले, तर आजची तारीख वहीत लिहावी आणि ह्या आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. आम्ही एक वर्ष उशीर केला. आपण करू नये.