पंचगंगेच्या काठावरून पुश

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या आकड्याने सुरू होतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१मध्ये त्याहून वर चढली. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी घर सोडणारा माणूस कागदपत्रं, औषधं, दागिने पिशवीत घालतो. पिशवीत लॅपटॉपला जागा मिळेलच असं नाही. लॅपटॉप मागे राहिला तरी त्यातलं काम वाचावं, यासाठी प्रोग्रामरच्या हाताशी एक साधी आज्ञा आहे: ‘गिट पुश’.

शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारी मुलं कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी गिट ही प्रणाली वापरतात. त्यांपैकी अनेकांच्या मनात एक समज पक्का असतो, की कमिट केलं म्हणजे काम सुरक्षित झालं. तो दूर करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘गिट ॲड’ आणि ‘गिट कमिट’ या दोन्ही आज्ञा पूर्णपणे तुमच्याच डिस्कवर चालतात. त्यांना इंटरनेट लागत नाही. सगळा इतिहास प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या उपफोल्डरमध्ये साठतो. डिस्क पाण्यात गेली, की कमिटही गेले.

कमिट म्हणजे काय, हे सातबारा पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, हे तलाठ्याकडच्या गाव नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत सापडतं. तुमच्यासमोर उघडलेल्या फायली हा सातबारा, आणि कमिट हे फेरफार. प्रत्येक कमिटमध्ये बदल कोणी केला, कधी केला, कशासाठी केला हे असतं, शिवाय आधीच्या कमिटची ओळखही असते. ही ओळख मजकुरावरूनच गणिताने काढलेली असते. एसएचए-१ या पद्धतीने १६० बिटांची संख्या निघते आणि ती ४० चिन्हांत लिहितात. जुन्या नोंदीतला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी त्या नोंदीची ओळख बदलते आणि तिच्यापुढच्या साऱ्या नोंदींचीही बदलते. त्यामुळे गुपचूप खाडाखोड करता येत नाही. २०१७मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ ओळख असलेल्या दोन वेगळ्या फायली तयार करून दाखवल्या. त्यानंतर गिटमध्ये असा प्रकार ओळखणारी तपासणी आली, आणि एसएचए-२५६ची सोयही पुढे करण्यात आली.

हे साधन घाईच्या गरजेतून जन्मलं. लिनक्सचा गाभा सांभाळण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स बिटकीपर नावाची खासगी प्रणाली वापरत होते. २००५मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला आणि एप्रिलमध्ये टोरवाल्ड्सनी स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली. काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो करत आले आहेत. गिटमध्ये प्रत्येक सहभागी माणसाकडे संपूर्ण इतिहास असतो. एकाचं यंत्र बुडालं, तरी ज्यांनी त्याच्याकडून प्रत घेतली आहे त्यांच्याकडे ती शाबूत राहते. अट एकच, की ती प्रत पाठवलेली असली पाहिजे.

पाठवण्याची आज्ञा अशी: गिट पुश ओरिजिन मेन. टर्मिनलमध्ये टंकताना ती अर्थात रोमन अक्षरांतच द्यावी लागते. ‘ओरिजिन’ हे दूरच्या भांडाराच्या, म्हणजे प्रत जिथे पाठवायची त्या जागेच्या, लांबलचक पत्त्याचं टोपणनाव आहे. ‘मेन’ हे शाखेचं, म्हणजे कमिटांच्या एका साखळीचं नाव. पहिल्यांदा पाठवताना ‘-यू’ हा पर्याय जोडला, की ही जोडी गिटच्या लक्षात राहते आणि पुढे नुसतं ‘गिट पुश’ पुरतं.

एंटर दाबल्यावर दोन यंत्रांमध्ये जे घडतं, ते मला या साऱ्यातलं सर्वांत देखणं वाटतं. दूरच्या यंत्रावर ‘रिसीव्ह-पॅक’ नावाचा प्रोग्राम जागा होतो. आपल्याकडे कोणत्या शाखा आहेत आणि प्रत्येक शाखा कोणत्या कमिटपर्यंत आली आहे, याची यादी तो पाठवतो. तुमचं यंत्र ती यादी आपल्या इतिहासाशी ताडून पाहतं आणि समोर काय नाही तेवढंच वेगळं काढतं. पडद्यावर ‘एन्युमरेटिंग’, ‘काउंटिंग’ असे शब्द सरकतात, तेव्हा हीच निवड चालू असते. मग येतं ‘डेल्टा कॉम्प्रेशन’. हजार ओळींच्या फाईलमधली एक ओळ बदलली असेल, तर सहसा जुन्या प्रतीच्या तुलनेत झालेला फरकच बांधून जातो. म्हणून मोठ्या प्रकल्पातली दिवसभराची मेहनत मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही काही सेकंदांत जाऊ शकते.

गठ्ठा पोहोचल्यावर समोरचं यंत्र तो उलगडून प्रत्येक वस्तूची ओळख स्वतः पुन्हा काढतं. गठ्ठा पुरा पोहोचेपर्यंत आणि तपासून होईपर्यंत आलेला माल एका बाजूला ठेवला जातो. सगळं जुळलं, की मगच शाखेचा दर्शक नव्या कमिटवर सरकतो. पावसात मध्येच नेटवर्क गेलं, तर दूरच्या शाखेत अर्धवट काम उमटत नाही. मात्र तुटलेला पुश तिथूनच पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रोज थोडं थोडं पाठवावं, आठवड्याचा ढीग साठवू नये. शेवटच्या ओळीत जुन्या आणि नव्या कमिटच्या ओळखीची पहिली काही अक्षरं दोन टिंबांनी जोडून दिसतात. ती ओळ दिसेपर्यंत खिडकी बंद करू नये.

कधी कधी पुश नाकारला जातो. समजा, एकाच प्रकल्पावर कसबा बावड्यातली एक विद्यार्थिनी आणि इचलकरंजीतला तिचा जोडीदार काम करत आहेत. सकाळी त्याने पुश केला. दुपारी ती करायला गेली, तर ‘रिजेक्टेड’ असा शब्द आला. समोरच्या शाखेत तिच्याकडे नसलेले कमिट आहेत. तिचा पुश स्वीकारला, तर जोडीदाराचं काम शाखेवरून गळून पडेल. म्हणून तिने आधी ‘गिट पुल’ करून त्याचे बदल आणायचे, आपल्यात मिसळायचे, दोघांनी एकाच ओळीला हात लावला असेल तर काय ठेवायचं ते ठरवायचं आणि पुन्हा पुश करायचा. ‘फोर्स’ हा पर्याय वापरून ही तपासणी ओलांडता येते, आणि घाईतली मुलं तो वापरतात. सामायिक शाखेवर तो वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अगदीच गरज पडली, तर ‘फोर्स-विथ-लीज’ वापरावा. आपण शेवटचं पाहिल्यानंतर समोर काही बदललं असेल, तर तो थांबतो.

पुश करताना दूरच्या भांडाराच्या दारावर स्वतःची ओळखही पटवावी लागते. अशी भांडारं ठेवणाऱ्या गिटहब या सेवेने १३ ऑगस्ट २०२१पासून आज्ञेतून पुश करताना खात्याचा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं. तेव्हापासून टोकन किंवा एसएसएच किल्ल्यांची जोडी लागते. त्यातली खासगी किल्ली तुमच्या यंत्रातून कधीच बाहेर जात नाही. तिने केलेली सही समोरचं यंत्र सार्वजनिक किल्लीने तपासतं. काळजी घ्यायची ती कमिटमध्ये अशी किल्ली किंवा पासवर्ड जाऊ नये म्हणून. मार्च २०२३मध्ये खुद्द गिटहबची एक खासगी किल्ली थोडा वेळ सार्वजनिक भांडारात उघडी पडली आणि कंपनीला ती बदलावी लागली. पुढच्या कमिटमध्ये पासवर्ड पुसला, तरी मागच्यात तो राहतोच. त्यामुळे आधी तो पासवर्डच बदलायचा.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कास्टिंगची त्रिमितीय ड्रॉइंग असतात. त्यांच्यासाठी गिट तितकंसं सोयीचं नाही. अशा फायलींतले दोघांचे बदल ओळीओळीने मिसळता येत नाहीत, आणि गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही. मोठ्या फायलींसाठी एलएफएस ही वेगळी सोय वापरावी लागते.

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. ‘पूर’ नावाची फाईल केली, की ‘गिट स्टेटस’मध्ये तिच्या जागी उलट्या तिरप्या रेघांनी जोडलेली ३४०, २४४, २५२ अशा आकड्यांची माळ दिसते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘पूर’मध्ये प, दीर्घ उकार आणि र अशी तीन चिन्हं, म्हणजे नऊ बाइट, आणि गिट मुळात ते अष्टमान अंकांत दाखवतं. फाईल बिघडलेली नसते. ‘कोअर कोटपाथ’ ही मांडणी ‘फॉल्स’ केली, की नाव देवनागरीत दिसू लागतं. मुलांनी हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं आणि आपल्या भाषेत खुशाल नावं द्यावीत.

दूरचं भांडार म्हणजे गिटहबच, असंही मानायचं कारण नाही. ज्या यंत्रापर्यंत एसएसएचने पोहोचता येतं, अशा कोणत्याही यंत्रावर ‘गिट इनिट’ला ‘बेअर’ हा पर्याय जोडून रिकामं भांडार उभं करता येतं. महाविद्यालयाने वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर एक ठेवावं. दुसरं नदीच्या खोऱ्याबाहेर, पुण्यात किंवा मुंबईत असावं. ‘गिट रिमोट ॲड’ने दोन्हींना टोपणनावं द्यायची, बंधाऱ्याचा आकडा ३९कडे सरकू लागला की दोन्हीकडे पुश करायचा, आणि दोन्ही पुशांची शेवटची ओळ तपासायची.