दारू नको, कोकम विका!

मालवणात होमस्टेवाले हमखास विचारतात, "सर, व्होडकात कोकम मुरवून पाहुण्यांना कॉकटेल दिलं तर?" सरळ सांगतो, नको. परवान्याशिवाय दारू विकणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे. जेवणाच्या बिलात धरली, तरी ती विक्रीच.

पण ग्लासात सोड्याबरोबर जे मिसळतात, ते तर तुमचं असू शकतं ना?

एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे आणा. धुवा, अगदी कोरडे पुसा, अर्धे कापून बिया काढा. सालींच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थर लावा आणि आठेक दिवस ऊन द्या. सुटलेला रस गाळला की अमृत कोकम तयार. साखर सालींच्या वजनाच्या दुप्पट. इथं कंजुषी केली की रस आंबतो. माझ्या पहिल्याच वर्षी तीन बाटल्यांची झाकणं उडाली होती! ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको, कोकमाचं आम्ल ते खातं. बियाही टाकू नका, त्यांचं मुठेल निघतं. आगळ वेगळं हां, त्यात साखर नाही, मीठ असतं. ते सोलकढीवाल्या गिऱ्हाइकाला.

आणि पहिली बाटली विकायच्या आधी एफएसएसएआय नोंदणी करा. तो क्रमांक लेबलवर छापावाच लागतो.