तोंड नीट उघडते ना? जबड्याचे आजार, शस्त्रक्रिया आणि रुग्णाची तयारी

स्वतःच्या हाताची तीन बोटे एकमेकांना चिकटवून, एकावर एक राहतील अशी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही सहज गेली तर जबडा नीट उघडतो आहे. दोनच गेली, किंवा तिसरे घालताना गाल ताणून दुखू लागला, तर दातांच्या डॉक्टरांकडे जायला हवे. ही तपासणी घरातल्या प्रत्येकाची करा. अब्बांची करा, कॉलेजात जाणाऱ्या मुलाची करा आणि दारामागे बसून मिश्री लावणाऱ्या दादीचीही करा.

आम्ही मुळशी तालुक्यात शिकवतो. पिरंगुटच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे तरुण झोप येऊ नये म्हणून मावा चघळतात आणि त्यांचे पाहून शाळकरी मुलेही चघळतात. वर्गात मोठ्याने वाचताना एखाद्या मुलाचे तोंड पुरते उघडत नाही, हे आमच्या नजरेला पडू लागले, तेव्हा या विषयावर लिहायचे ठरवले. तोंडाच्या ऑपरेशनची आपल्या घरांत फार भीती आहे. भीतीपोटी उशीर होतो, आणि दहा मिनिटांत उरकणारे काम दहा तासांचे होऊन बसते.

अक्कलदाढ : सर्वांत नेहमीचे ऑपरेशन

साधारण सतरा ते पंचवीस या वयात अक्कलदाढ येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी अडकते, हिरडी सुजते, तोंड उघडत नाही. डॉक्टर आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, कारण खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. इंजेक्शनने तेवढाच भाग बधिर करतात. दाबल्याचे, ओढल्याचे जाणवते, पण दुखत नाही. दुखले तर हात वर करून सांगावे, डॉक्टर भूल वाढवतात. दाढ हाडात असेल तर थोडे हाड घासून, दाढेचे तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग ओसरते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाल फुगलेला दिसला तरी घाबरू नये. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक द्यावा, कापूस सांगितला तेवढा वेळ दाबून धरावा, थुंकू नये, चूळ भरू नये, स्ट्रॉने काही ओढू नये. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या सुरू कराव्यात. थुंकल्याने किंवा सिगारेट ओढल्याने जखमेतली रक्ताची गाठ निघून गेली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. अशा वेळी गोळ्या वाढवत बसू नये, डॉक्टरांकडे परत जावे. ते जखम धुऊन औषध भरतात. ओठ बधिर राहिला तर बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. क्वचित बधिरपणा कायम राहतो, म्हणून ही शक्यता ऑपरेशनआधीच विचारून घ्यावी.

एक खूण मात्र ध्यानात ठेवा. दाढेच्या दुखण्यात हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आली, जीभ वर उचलली गेली, गिळता येईना किंवा श्वास लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करून मोठे रुग्णालय गाठा. ही सूज श्वासनलिका बंद करू शकते.

पडणे, आपटणे, अपघात

ताम्हिणी घाटात पावसाळ्यात दुचाकी घसरतात. हेल्मेट नसेल तर तोंड सडकेवर आपटते. दात एकमेकांवर पूर्वीसारखे बसत नसतील, तर जबडा मोडला असण्याचा संभव फार. वरवरचे टाके घालून घरी येऊ नये. हल्ली मोडलेला जबडा टायटॅनियमच्या लहान पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडतात, बहुतेकदा तोंडाच्या आतून, म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. काही रुग्णांचे वरचे-खालचे दात तारेने काही आठवडे बांधून ठेवावे लागतात. तेवढे दिवस पातळ अन्नच चालते. तार कापायची कात्री घरात कुठे ठेवली आहे, हे सर्वांना माहीत हवे. उलटी झाली किंवा श्वास अडला तर ती लागते.

पातळ म्हणजे नुसता चहा नव्हे. यखनी, मुगाचे कढण, इंद्रायणीच्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, दूध, गाळलेली फिरनी यांवर माणूस ताकद टिकवून राहतो. ईद आलीच तर शीरखुर्म्यातला सुकामेवा बारीक वाटून, गाळून द्यावा.

मुलांबाबत दोन गोष्टी. खेळताना कायमचा दात मुळासकट पडला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, थंड दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. तो परत बसवता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. दुसरी गोष्ट, मूल हनुवटीवर आपटले आणि जखम भरली, तरी पुढचे काही महिने त्याचे तोंड किती उघडते ते पाहत राहावे. कानाजवळचा जबड्याचा सांधा आतून चिकटला तर चेहऱ्याची वाढ खुंटते.

सुपारीने आवळलेले तोंड

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तंबाखू वाईट हे सगळे मानतात, पण ‘नुसती सुपारी’ निरुपद्रवी समजली जाते. लग्नात, मंगनीत, जेवणानंतर ती पुढे केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीलाच, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग घडवणारी म्हटले आहे. सुपारीने गालाच्या आतली मऊ कातडी कडक होते, तिखट झोंबू लागते, गालात दोऱ्यांसारखे पट्टे लागतात आणि तोंड हळूहळू आवळत जाते. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांतल्या शेकडा साडेसात जणांना पुढे कर्करोग झाला.

लवकर आलेल्या रुग्णाला सुपारी कायमची बंद, तोंड उघडण्याचा व्यायाम, गोळ्या आणि गालातली इंजेक्शने एवढ्यावर आराम पडू शकतो. कडक झालेली कातडी पूर्ववत होत नाही, पण रोग थांबतो. एक बोटही जात नसेल तर ऑपरेशन करतात. पट्टे कापतात आणि तिथे गालातलीच चरबी किंवा दुसरीकडची कातडी लावतात. तोंड उघडत नसल्याने भूल देणारी नळी नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते. खरी परीक्षा नंतर असते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या, दर आठवड्याला एखादी वाढवायची, हे कित्येक महिने करावे लागते. दुखते म्हणून व्यायाम सोडला किंवा सुपारी पुन्हा सुरू केली, तर तोंड पुन्हा मिटते. इथे घरच्यांनी काड्या मोजायला शेजारी बसावे. औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो.

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे २००३ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के धुराविना तंबाखू घेणारे निघाले. मिश्री याच हिशेबात येते. ती मंजन नसून भाजलेली तंबाखू आहे. दात साफ करायला मिस्वाक घरात असताना मिश्रीचा डबा कशाला?

कर्करोगाचे ऑपरेशन

तोंडातले छाले दोन आठवड्यांत भरले नाहीत, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, कारण नसताना दात हलू लागले, मानेत गाठ आली, तर तपासणी हवी. डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे ऐकून लोक इथून पळतात आणि चार महिन्यांनी गाठ घेऊन परततात. तुकडा काढल्याने नव्हे, त्या चार महिन्यांनी रोग पसरलेला असतो.

लहान गाठ असेल तर तेवढा भाग आणि आजूबाजूची कड काढतात, मानेतल्या गाठी तपासतात. मोठी असेल तर जबड्याचा तुकडाही काढावा लागतो. त्या जागी पायाचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह बसवून जबडा पुन्हा घडवता येतो. जागे झाल्यावर नाकात अन्नाची नळी आणि कधी गळ्यात श्वासाची नळी दिसेल. श्वासाची नळी बहुतेकदा तात्पुरती असते. काही दिवस बोलता येणार नाही, म्हणून पाटी किंवा वही जवळ ठेवा. त्यानंतर किरणोपचार लागू शकतात. त्याआधी खराब दात काढून घ्यावेत, कारण किरण दिलेल्या हाडातली जखम भरणे अवघड जाते. बोलण्या-गिळण्याचे व्यायाम शिकवले जातात, ते सोडू नयेत.

हे कोणालाही होऊ शकते आणि यातून माणूस उठूही शकतो. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. सुपारीच्या सवयीपासून चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध करायला हवे होते, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. शस्त्रक्रियेनंतरही ते दोन दशके राजकारणात वावरत राहिले. आर. आर. पाटील यांचे मात्र याच रोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये, अवघ्या ५७ व्या वर्षी निधन झाले.

जायचे कुठे, विचारायचे काय

पौडच्या ग्रामीण रुग्णालयात पहिली तपासणी करून घेता येते. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. ससून रुग्णालय आहे. कर्करोगासाठी मुंबईचे टाटा मेमोरियल १९४१ पासून सेवा देत आहे. कर्करोगाच्या आणि अपघाताच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावे आणि दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

डॉक्टरांना मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण हे सगळे सांगावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. भूल कोणती, टाके कधी निघणार, खाणे कधी सुरू, धोका कोणता, हे विचारून मगच संमतिपत्रावर सही करावी. मराठीत समजावून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. भगिनींनी महिला डॉक्टर किंवा सोबत घरची बाई हवी असल्यास निःसंकोच सांगावे. दंत महाविद्यालयांत महिला डॉक्टर पुष्कळ असतात. नकाब काढावा लागेल म्हणून तपासणीच टाळली, असे होऊ देऊ नका.

रमजानचा प्रश्न हमखास येतो. थांबण्यासारखे ऑपरेशन असेल तर ते ईदनंतर ठेवता येते. पण पू, ताप, सूज असेल तर थांबू नये. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दीनने दिलेली आहे. मसल्याची शंका आलिमांना विचारावी, पण आजार किती पुढे गेला आहे हे डॉक्टरांना विचारावे.

ज्याला सुपारी-तंबाखू सोडायची आहे, त्याला १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. या जुम्म्याला जेवणाआधी घरातल्या सर्वांची तीन बोटांची तपासणी करा. ज्याची तीन बोटे जाणार नाहीत, त्याला सोमवारी दवाखान्यात न्या.