डिलिव्हरीवाल्या पोराला फोन करण्याआधी: गाडी चालवताना मोबाईलचा कायदा दुकानदाराच्या नजरेने

होम डिलिव्हरी कशी सुरू करायची, या व्हिडिओत मी पेट्रोल, पॅकिंग आणि पगाराचा हिशोब सांगितला होता. एक खर्च मात्र सांगितला नाही, कारण तो सांगायला लाज वाटत होती. आज सांगते.

मागच्या आंब्याच्या सीझनमध्ये आमच्या दुकानातला पोरगा नाचणे रोडला दोन डझन हापूस आणि आगळाच्या बाटल्या घेऊन निघाला होता. गिऱ्हाईक मला फोन करत होतं आणि मी त्याला. दोनदा त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, हेल्मेटमध्ये कानाशी मोबाईल खुपसून. "ताई, आलोच..." एवढं ऐकू आलं आणि मग नुसता आवाज. वळणावर खडी होती. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हॉस्पिटलमध्ये त्याच्या आईने मला एकच विचारलं, "फोन कोणाचा होता?"

त्यानंतर मी हा कायदा नीट वाचला. तोपर्यंत माझीही समजूत तुमच्यासारखीच होती, की पोलिसांनी पकडलं तर पावती फाडायची, विषय संपला.

मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 184 धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीत त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन, म्हणजे आपला मोबाईल, वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगच आहे. सिग्नल तोडणं आणि हे एकाच यादीत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत परत सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आपल्या महाराष्ट्रात जागेवर भरायच्या दंडाचे नवे दर डिसेंबर 2021 मध्ये आले. दुचाकीला 1000, चारचाकीला 2000, इतर वाहनांना 4000 आणि पुन्हा केलं तर 10,000.

आता हिशोब करा. तीनशे रुपयांच्या ऑर्डरवर तुम्हाला सुटतात किती?

पैशापेक्षा मोठी अडचण लायसन्सची. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 साली राज्यांना सांगितलं होतं की गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. सीझनमध्ये तुमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरचं लायसन्स तीन महिने गेलं, तर पेट्या वाशीला कोण नेणार?

दुकानदार म्हणून आपला संबंध कुठे येतो, हे कुणी समजावून सांगत नाही. पहिली गोष्ट, गाडी दुकानाच्या किंवा तुमच्या नावावर असेल तर ई-चलान नंबर प्लेटवरून निघतं आणि तुमच्या मोबाईलवर येतं. कलम 133 प्रमाणे, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ही माहिती पोलिसांनी मागितली तर देणं मालकाचं कर्तव्य आहे. म्हणून कोणती गाडी कोणी कधी नेली, याची साधी वही ठेवा.

दुसरी गोष्ट वाचून मी अर्धा तास गप्प बसले होते. कलम 188. धोकादायक ड्रायव्हिंगच्या गुन्ह्याला जो प्रवृत्त करेल किंवा साथ देईल, त्यालाही तीच शिक्षा. एक फोन केला म्हणून लगेच तुमच्यावर हे कलम लागेल, असं मी अजिबात म्हणत नाही. पण "गाडीवर असलास तरी फोन उचलायचाच, नाहीतर पगार कापेन" असा तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर? तो मेसेज तुमच्याच हाताने लिहिलेला आहे.

तिसरी गोष्ट भरपाईची. दुकानाच्या कामावर असताना पोराने कुणाला ठोकलं, तर दावा त्याच्या एकट्यावर होत नाही, मालकही त्यात येतो. इन्शुरन्स संपलेला असेल तर ती रक्कम तुमच्या भांडवलातून जाते. आणि पोरालाच लागलं, तर कायदा काहीही म्हणो, रत्नागिरीत तोंड लपवायला जागा नसते.

"मग मॅप कसा बघायचा?" रास्त प्रश्न. 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात तेवढी मोकळीक आहे. फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून गाडीला होल्डर लावा आणि लोकेशन दुकानातच टाकून निघा. ब्लूटूथवाल्यांनी फार खूश होऊ नका. कायद्याचे शब्द हातात धरायच्या साधनाबद्दल आहेत हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो आणि हँड्स-फ्री फोन त्यापेक्षा फारसा सुरक्षित नाही. ताशी 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. तीन सेकंद स्क्रीनवर नजर म्हणजे 33 मीटर आंधळेपणाने. हातखंब्याच्या उतारावर भरलेला टेम्पो आणून बघा, मग 33 मीटर म्हणजे काय ते कळतं.

मी काय बदललं? बिलावर आता डिलिव्हरीवाल्याचा नंबर नाही, दुकानाचा आहे. गिऱ्हाईकाला "अर्ध्या तासात" न सांगता "11 ते 1 च्या मध्ये" असं सांगते. पोरगा निघताना मला मेसेज टाकतो, पोचल्यावर टाकतो, मधे मी फोन करत नाही. फारच अडलं तर दोन मिस्ड कॉल. त्याचा अर्थ त्याने गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची आणि मग मला फोन करायचा. पहिल्या आठवड्यात सवयीने माझाच हात चार वेळा फोनकडे गेला. दोन गिऱ्हाईकं चिडून तुटली, त्यातलं एक गणपतीत परत आलं.

तो पोरगा अजून आमच्याकडेच आहे. पावसात मनगट दुखतं म्हणतो, म्हणून बाटल्यांची खोकी आता मी उचलते.

पुढच्या व्हिडिओत डिलिव्हरी स्टाफसाठी एक पानी लेखी नियमांचा नमुना दाखवणार आहे. त्यात पहिला नियम दुकानदारासाठी आहे, खाली सही माझी.