पोलादाची नळी, काँक्रीटचा गाभा

डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि धुंदलवाडी परिसरात लोक रात्री घराबाहेर झोपू लागले. तेव्हापासून इथे घर बांधणाऱ्याने आधी विचारायला हवं: हादऱ्याने खांब तुटेल, की वाकून तग धरेल?

अनुताई वाघांच्या बालवाड्यांमुळे ओळखीच्या झालेल्या कोसबाडच्या आसपास, वारली पाड्यांवर याचं जुनं उत्तर आहे. लाकडी मेढी, मध्ये कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण. नुसती कारवी लवते, नुसती माती तडकते. दोघी मिळून एकमेकींना सावरतात. त्यात कूड हलका, म्हणून भूकंपाचा जोरही त्याच्यावर कमी येतो.

काँक्रीट भरलेल्या पोलादी नळीच्या खांबात हीच जोडी असते, पण उलटी: चिवट पदार्थ बाहेर, ठिसूळ आत. पोकळ नळीवर भार वाढला की तिचा पत्रा आत दबतो, बाहेर फुगतो. गाभ्यात काँक्रीट असलं की आत दबायला जागाच उरत नाही. उलट, काँक्रीट दाबाखाली आडवं पसरून फुटू पाहतं, तेव्हा नळी त्याला आवळून धरते. हे आवळणं सुरुवातीला मात्र नसतंच. कमी भारात पोलाद काँक्रीटपेक्षा जास्त फुगतं. काँक्रीटला आतून बारीक चिरा जाऊन ते पसरू लागलं, की मग नळीचा विळखा बसतो. आधार ऐन गरजेच्या वेळी मिळतो, ही या खांबाची खरी थोरवी. गोल नळीत तो चहूबाजूंनी सारखा मिळतो. चौकोनी नळीत कोपरे घट्ट धरतात, सपाट बाजू फुगतात.

नळीच साचा होते, त्यामुळे सेंट्रिंग वाचतं. पण आत पोकळी राहिली तर बाहेरून दिसत नाही. ठोकून आवाज ऐकावा लागतो. आगीत कोंडलेल्या वाफेसाठी भोकंही ठेवावी लागतात.

कोकण रेल्वे महामंडळाच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या चिनाब पुलाच्या कमानीत पोलादी पेट्यांमध्ये असंच काँक्रीट भरलं आहे. कमानीचा गाळा ४६७ मीटरचा, पूल नदीपासून ३५९ मीटर उंच.

डहाणूतल्या साध्या घराला अशा नळ्या परवडणार नाहीत. तिथे आवळण्याचं काम खांबातल्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा करतात. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी स्वतः वाकून बघा: खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि प्रत्येक रिंगेची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत.