दैत्य कोण होता?
लोणारचे दैत्यसूदन मंदिर आणि दगडाची साक्ष

मंठ्याहून तळणीमार्गे उत्तरेला निघाले की आधी तालुका संपतो, मग जिल्हा संपतो आणि त्याबरोबर मराठवाडाही संपतो. पुढे विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्याचे लोणार लागते. मंठा, परतूर, जालना या भागातल्या शाळांच्या सहली लोणारला जातात. नवरात्रात सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या यात्रेला खेड्यापाड्यांतून माणसे जातात. आपल्या समाजातलीही काही कुटुंबे जातात. कोणी सरोवर पाहायला, कोणी दुकान मांडायला, तर कोणी शेजारणीच्या आग्रहाला मान द्यायला.

तिथे गेलेल्या मुलांच्या कानावर एक कथा हमखास पडते. मुले ती घरी घेऊन येतात आणि विचारतात, "आई, राक्षस खरंच होता का?" या प्रश्नाला आपल्या घरात काय उत्तर मिळते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. म्हणून ही कथा आणि तिच्यामागची वस्तुस्थिती दोन्ही नीट समजून घेऊ.

कथा काय सांगते?

लोणार गावात दैत्यसूदनाचे जुने मंदिर आहे. दैत्यसूदन म्हणजे दैत्याला मारणारा. देवळे देवाच्या नावाने असतात, गावाच्या नावाने असतात. हे देऊळ मात्र एका वधाच्या नावाने उभे आहे.

कथा अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली विवरात राहत असे. वर भलेमोठे झाकण. तो बाहेर येऊन लोकांना छळी, देवांनाही भारी पडे. त्याचा ठिकाणा कोणालाच सापडेना. तेव्हा विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले आणि लवणासुराच्या दोन बहिणींना भुरळ घातली. भुललेल्या बहिणींनी भावाचा ठिकाणा सांगून टाकला. विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवले. ते कित्येक कोस दूर जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली. दैत्य मारला गेला. विवराचे सरोवर झाले, पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि पाण्यातला खार म्हणजे त्याचे कुजलेले मांस!

पुढे त्या बहिणींचे काय झाले? भाऊ गेला, घर गेले आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला त्यानेच फसवले. पण कथेला त्यांचे दुःख दिसत नाही. आपल्या माता-भगिनींनी हा प्रश्न जरूर विचारावा.

देऊळ कसे आहे?

देऊळ पाहण्यासारखे आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सुमारे १०५ फूट लांब आणि ८४ फूट रुंद असे हे बांधकाम चालुक्य-यादव काळातल्या कारागिरीचा उत्तम नमुना आहे. भिंती सरळ नाहीत. कोनाकोनांनी पुढे-मागे होत तारकेसारखा आकार धरतात. बाहेरून मूर्तींच्या रांगा आहेत. आतल्या छतावर वधांची चित्रे कोरली आहेत: कृष्ण कंसाला मारतो, नरसिंह हिरण्यकश्यपूला फाडतो. मूळ मूर्ती नाहीशी झाली होती. आज आहे ती नागपूरकर भोसल्यांच्या काळात बसवलेली. तिच्या पायाखाली लवणासुर आहे.

अशा देवळांना आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. 'चतुर्वर्ग चिंतामणी' हा व्रते, दाने आणि प्रायश्चित्ते यांचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. देवळांना मंत्र्याचे नाव मिळाले. ज्या पाथरवटांनी ऊन-पावसात बसून दगडाला आकार दिला, त्यांचे नाव कुठेच नाही. देऊळ पाहताना आपण मान द्यायचा तो त्यांच्या हातांना.

एकच दैत्य, दोन मारेकरी

लवणासुराची आणखी एक गंमत पाहा. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडातही लवण नावाचा राक्षस आहे. पण तो मथुरेकडचा, मधूचा मुलगा, आणि त्याला मारतो तो रामाचा भाऊ शत्रुघ्न. तोही त्याच्या हातात शूल नसताना, वाट अडवून. एकाच नावाचा दैत्य एकदा यमुनेकाठी मरतो आणि एकदा लोणारला! अशा कथा या मुलुखातून त्या मुलुखात फिरतात आणि जिथे नवल दिसेल तिथे घर करतात.

त्याच उत्तरकांडात, लवणाच्या वधानंतर थोड्याच सर्गांनी, शंबूकाचा वध येतो. शंबूक कोणाला छळत नव्हता. शूद्र असून तप करत होता, एवढाच त्याचा गुन्हा. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणग्रंथात याचे मर्म दाखवले: दंडाच्या धाकाशिवाय चातुर्वर्ण्य टिकूच शकत नाही. दैत्यवधाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मनाला शंबूकाचा वधही खटकत नाही, हा या गोष्टींचा खरा परिणाम आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथा उलट बाजूने वाचून दाखवल्या. मारणारा देव आणि मरणारा दैत्य, हे ठरवले कोणी? जिंकणाऱ्याने. बळीने दान दिले आणि वामनाने त्याला पाताळात घातले, तरी आमच्या आयाबहिणी दिवाळीत "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" असेच म्हणत आल्या. पोथीने ज्याला दैत्य म्हटले, त्याला लोकांनी राजा म्हणून मनात जपले.

पण इथे एक सावधगिरी हवी. म्हणून लगेच "लवणासुर हा आमचा राजा होता, तो इथे मारला गेला" असे सांगत सुटू नये. त्याला पुरावा नाही. एक पुराण खोडून आपले दुसरे पुराण लिहायचे, हा काही बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. पुरावा मागायचा तर दोन्ही बाजूंनी मागायचा. आणि लोणारला पुरावा आहे. तो दगडात आहे.

दगड काय सांगतो?

सरोवराचा खड्डा जवळजवळ गोल आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर. भोवतालच्या जमिनीपेक्षा त्याचा काठ उचललेला आहे, जणू परातीची कड. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हा ज्वालामुखीचा खड्डा आहे असेच मानले जाई.

मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तळात भोके पाडून दगड तपासले. १९७३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दगडातल्या खनिजाची काच झालेली आढळली. ही काच साध्या उष्णतेने होत नाही. प्रचंड वेगाने बसलेल्या धक्क्यानेच होते. म्हणजे हा खड्डा आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने झाला. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट खडक चंद्रावरही आहे. म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात.

हे घडले कधी? एका पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षे आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आली. शास्त्रज्ञ आकडा उघड्यावर मांडतात, तपासतात, बदलतात. कोणता शास्त्रज्ञ मोठा, यावर आकडा ठरत नाही. यातला लहानातला लहान आकडा धरला तरी तेव्हा ना देऊळ होते, ना पुराण, ना चातुर्वर्ण्य.

तरीही कथा रचणाऱ्यांची नजर तीक्ष्ण होती, हे मान्य करू. जमिनीवर घाव बसला आहे, आतले काहीतरी उडून दूर पडले आहे, पाणी खारे आहे, हे सारे त्यांना दिसले. पाहणे खरे होते. कारण तेवढे खोटे जोडले.

रक्त आणि खार

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. हातात फक्त पुराण असते तर दैत्याचे रक्त पुन्हा उसळले, असेच म्हणावे लागले असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खारात वाढणारे रंगीत सूक्ष्म जीव माजले होते, असे निघाले. पाऊस पडला, खार पातळ झाला, रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

आणि तो खार? अकबराच्या काळात अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवले की, लोणारला काच आणि साबण करण्याचे सामान मिळते आणि त्यातून सरकारला महसूल येतो. पुराणाने ज्याला कुजलेले मांस म्हटले, ते पिढ्यान्‌पिढ्या मजुरांनी उन्हात उभे राहून उपसले, वाळवले, विकले. त्यावर चुली पेटल्या. लोणारची खरी कथा सांगायची तर ती या मजुरांचीही सांगावी लागेल.

मुलांना काय सांगायचे?

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना विचारले होते की, जो येतो तो आपलेच खरे म्हणतो, आम्ही मानावे कोणाचे? तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. पुढे बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हेही स्पष्ट बजावले आहे. या प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाने लोणारला जाऊ नये का? अवश्य जावे. फक्त हात जोडण्याआधी डोळे उघडावेत.

मुलांना आधी सरोवराच्या काठावर उभे करा आणि उचललेली कड दाखवा. मग देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर पाथरवटाच्या छिन्नीचे काम दाखवा. कोणी कथा सांगू लागले तर शांतपणे ऐकू द्या. कोणाच्या श्रद्धेची टवाळी करायला शिकवू नका. शेजारी आपलेच आहेत. पण घरी आल्यावर मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगा. एकात "कथा काय म्हणते" आणि दुसऱ्यात "मी काय पाहिले". दोन्ही रकाने मुलांनी स्वतः भरावेत.

ज्या मुलाला हे दोन रकाने वेगळे ठेवता येतात, त्याला उद्या कोणी "तू अमुक जातीचा, म्हणून खालचा" असे सांगितले, तर तेही कोणत्या रकान्यात टाकायचे हे त्याला विचारावे लागणार नाही. जयभीम!