पेशींचे संदेशवहन (भाग ५) : एक ग्राही, दोन परस्परविरोधी आदेश

पेशीच्या आवरणावरील ग्राहीला बाहेरचा रेणू चिकटला, की आत एकामागून एक प्रथिनांवर फॉस्फेट चढत जाते. ते चढवणाऱ्या विकरांना किनेज म्हणतात, उतरवणाऱ्यांना फॉस्फेटेज. ही साखळी बाण काढून दाखवता येते. पण कोणत्या वाटेने किती संदेश गेला, हे बाण सांगत नाहीत. त्यासाठी मोजमाप हवे आणि गणितही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात भास्कर साहा यांच्या गटाने सीडी-४० या ग्राहीवर केलेले संशोधन या दृष्टीने मुळातून समजून घेण्याजोगे आहे.

सीडी-४० महाभक्षक पेशींवर असतो. लेशमानिया हा परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि ज्या महाभक्षक पेशींनी त्याला मारायचे, त्यांच्यातच बिऱ्हाड करतो. काळा आजार याच कुळातल्या परजीवीमुळे होतो. साहा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले, की सीडी-४० दोन विरुद्ध आदेश देऊ शकतो. पी-३८ हे किनेज सक्रिय झाले तर परजीवी मारला जातो. ईआरके हे दुसरे किनेज सक्रिय झाले तर आयएल-१० हे संदेशवाहक प्रथिन स्रवते, प्रतिकार मंदावतो आणि परजीवीचे फावते.

कोणता आदेश सुटणार, हे उद्दीपनाच्या मात्रेवर ठरते. पेशींना सीडी-४० चेतवणारे प्रतिपिंड वाढत्या मात्रेत द्यायचे, थोड्या वेळाने पेशी फोडून प्रथिने जेलमध्ये वेगळी करायची आणि त्यांतली फॉस्फेट चढलेली रूपे तेवढी शोधायची. कमी मात्रेला ईआरकेचा पट्टा गडद उमटतो, पी-३८चा फिका. मात्रा वाढवत नेली की पी-३८ गडद होतो आणि ईआरके चक्क उतरतो.

खरे कोडे या उतरण्यात आहे. दोन्ही वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर वाढत्या मात्रेबरोबर दोन्ही चढल्या असत्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या गटाने संगणकीय प्रतिमान मांडले. अशा प्रतिमानात प्रत्येक किनेजसाठी एक समीकरण असते : फॉस्फेट चढण्याचा वेग वजा उतरण्याचा वेग. किनेजरोधक रसायने वापरून एकेक दुवा बंद पाडला, तेव्हा दुसऱ्या वाटेचे काय होते हेही प्रयोगात तपासले. निष्कर्ष असा, की एकमेकांना दाबून धरणारे किमान दोन किनेजसमूह मानल्याखेरीज प्रयोगातले चित्र उमटत नाही. ही उलटापालट कुण्या एका प्रथिनाचा गुण नाही, साऱ्या जुळणीचा आहे. एकेक रेणू सुटा तपासून ती हाती लागली नसती.

या दोन आदेशांना पेशीत जागाही वेगवेगळ्या आहेत. पेशीच्या आवरणाच्या, म्हणजे पटलाच्या, कोलेस्टेरॉलयुक्त भागात सीडी-४०भोवती जमणारी प्रथिने प्रतिकार चेतवणाऱ्या आयएल-१२कडे नेतात, त्याबाहेर जमणारी आयएल-१०कडे. लेशमानिया पटलातले कोलेस्टेरॉल घटवून पारडे आपल्या बाजूला झुकवतो, हे २००९ मध्ये दिसून आले होते. झुकणारे पारडे उलट बाजूलाही नेता येईल का, याची परीक्षा २०१२ च्या अभ्यासात उंदरांवर झाली. संसर्गाला सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या उंदरांत सीडी-४० संदेशवहनाच्या या लवचीकतेलाच लक्ष्य केले, तेव्हा लेशमानिया मेजर या जातीचा संसर्ग लक्षणीय घटला.